व्हायरेयाच्या मुळांना काय हवं असतं

हिमालयात ट्रेकला जाऊन आलेल्या मराठी माणसाला बुरांश वेगळा सांगावा लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उत्तराखंडातले डोंगर त्याच्या लाल फुलांनी भरलेले असतात, आणि नेपाळने तर त्याला राष्ट्रीय फूलच करून टाकलं आहे. हा बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. थंडी, बर्फ आणि उंच डोंगर अशी या घराण्याची ख्याती. पण जगातल्या सुमारे हजार ऱ्होडोडेंड्रॉनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जाती विषुववृत्ताच्या आसपास, बोर्निओ, सुमात्रा, सुलावेसी, फिलिपीन्स आणि सर्वांत जास्त न्यू गिनी बेटावर राहतात. त्यांतल्या बहुतेकींना हिमवर्षाव म्हणजे काय हे माहीतही नाही. वनस्पतिशास्त्रात हा गट व्हायरेया म्हणून ओळखला जातो. ब्लूमे या शास्त्रज्ञाने 1826 मध्ये व्हिरे नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ हे नाव दिलं.

ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया, ब्लूबेरी आणि स्कॉटलंडच्या माळरानांवर पसरलेली जांभळी हीदर ही सगळी एकाच हीथ कुळातली. पानं-फुलं पाहून हे नातं पटत नाही. पण बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर, साधारण तीन हजार मीटरच्या वर, एरिकॉइडिस नावाचा एक व्हायरेया आहे. त्याची पानं इतकी बारीक आणि दाट की फुलं नसताना तो सरळ हीदर म्हणूनच खपावा. लाल नळीसारखी फुलं आली की मग खरी ओळख पटते.

व्हायरेया बागेत लावणाऱ्या माणसाच्या हातून तो बहुतेक वेळा मरतो तो प्रेमाने. मोठी कुंडी, काळी कसदार माती, वर ओंजळभर शेणखत आणि रोज पाणी. गुलाबाला हे सगळं चालतं, जास्वंदीलाही चालतं. व्हायरेयाची मुळं मात्र दोन-तीन महिन्यांत कुजतात. त्याचं कारण समजून घ्यायचं तर तो मुळात कुठे उगवतो हे आधी पाहायला हवं.

आंबोलीच्या जंगलात पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या झाडांच्या फांद्यांवर सीतेच्या वेणीचे गुलाबी तुरे लोंबतात. ती ऑर्किड झाडावर राहते, पण झाडाचं काही खात नाही; बांडगूळ वेगळं आणि ही वेगळी. न्यू गिनीच्या आणि बोर्निओच्या मेघवनांत हीच जागा पुष्कळशा व्हायरेयांनी घेतलेली आहे. दोन-अडीच हजार मीटरवर, दिवसभर धुक्यात भिजलेल्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळाचा जाड थर असतो. त्यात गळलेली पानं, सालीचा भुगा, मेलेल्या शेवाळाचे थर साचतात. व्हायरेयाचं बी त्यात रुजतं. जे जमिनीवर राहतात तेही कडेकपारीत, दरड कोसळलेल्या उतारावर, रस्त्यासाठी खोदलेल्या बांधावर. पाणी येतं आणि लगेच निथळून जातं, हे सगळीकडे समान. पाऊस रोजचा, पण डबकं कधीच नाही.

हवामानही तितकंच महत्त्वाचं. विषुववृत्तावर दिवस-रात्र बारा-बारा तासांची, त्यामुळे ऋतू असे नाहीतच. दिवसा वीस-पंचवीस अंश, रात्री दहा-पंधरा. हेच वर्षभर. थंड रात्र ही या झाडाची खरी गरज आहे. दुपारी तीस अंश झाले तरी ते सोसतं, पण रात्रीही पंचवीसच्या खाली पारा उतरत नसेल तर बहुतेक जाती हळूहळू खंगत जातात. उलट बाजूने, दहिवर गोठेल इतकी थंडीही नको. शून्याच्या किंचित खाली एखादी रात्र काही जाती झेलतात, सलग दोन-चार रात्री नाही.

आता मुळांकडे वळू. कुंडीतून निरोगी व्हायरेया अलगद बाहेर काढला तर दिसतो तो तपकिरी, मऊ, लोकरीच्या गोळ्यासारखा गठ्ठा. जाड मुळ्या जवळपास नाहीत. सगळी तंतुमुळं, केसाएवढी बारीक. त्यांना इतर झाडांसारखी मूलरोमं नसतात. त्यांच्या बाहेरच्या पेशींत विशिष्ट बुरशी घर करते आणि ती बुरशीच त्यांचं बरंचसं काम करते. कुजणारी पानं, साल, शेवाळ यांत अडकलेला नत्र ही बुरशी फोडून मोकळा करते आणि झाडाला देते. बदल्यात झाडाकडून साखर घेते. हीथ कुळातली बहुतेक झाडं या भागीदारीवरच जगतात. म्हणूनच ती अशा ठिकाणी टिकतात जिथे खत म्हणावं असं काही नसतं. पण इतकी बारीक मुळं दमट आणि हवेशीर अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागतात. पाणी तुंबून हवा संपली की ती आधी मरतात आणि मग मूळकूज आणणारी बुरशी आत शिरते.

यावरून कुंडीत काय भरायचं ते ठरतं. माती नको, एवढं पक्कं. देवदार किंवा पाइनच्या सालीचे पाच ते पंधरा मिलिमीटरचे तुकडे दोन भाग, पीट एक भाग, परलाइट एक भाग, हे मिश्रण सुरुवातीला चांगलं. पीट नसेल तर कोकोपीट चालेल, पण ते आधी दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात मिठाचे क्षार असतात आणि व्हायरेयाला क्षार अजिबात सोसत नाहीत. तयार मिश्रणात पाणी ओतलं की ते काही सेकंदांत खालून बाहेर आलं पाहिजे. वर पाणी तरंगत राहिलं तर साल आणखी घाला.

मिश्रणाचा सामू साडेचार ते साडेपाच हवा, म्हणजे स्पष्ट आम्ल. याचं कारण लोह. सामू सातच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं. मिश्रणात असूनही झाडाला घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दख्खनमधल्या बोअरच्या जड पाण्याने हे हमखास होतं. अशा वेळी फेरस सल्फेट किंवा चिलेटेड लोह फवारून महिनाभर रंग येतो, पण पाणी बदललं नाही तर पुन्हा तेच. पावसाचं पाणी पिंपात साठवणं हा सरळ उपाय. तेही नसेल तर पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकून ते थोडं आंबट करून घेतात.

आपल्याकडच्या घरगुती बागेतल्या काही लाडक्या सवयी इथे सोडाव्या लागतात. चुलीतली राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा यांनी सामू वर जातो. व्हायरेयाला त्या विषासारख्याच. कॅल्शियम द्यायचंच असेल तर जिप्सम द्यावं, त्याने सामू वाढत नाही. शेणखत आणि गांडूळखत क्षारांनी जड असतात, शिवाय मिश्रण चिकट करतात. मावेल तितका चहाचा चोथा कुंडीत ओतणारेही भेटतात. त्याने विषबाधा होत नाही, पण तो बसून चिखल होतो आणि हवा बंद होते.

खत लागतं, पण नावापुरतं. हळू विरघळणाऱ्या दाणेदार खताची पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मी मात्रा वर्षातून दोनदा, किंवा पाण्यातून चतुर्थांश तीव्रतेचं खत पंधरा दिवसांनी, नवी पालवी फुटत असताना. नत्र अमोनियाच्या रूपात असलेलं खत या कुळाला मानवतं. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या तर बहुधा खत जास्त झालं आहे असं समजावं. कुंडीतून भरपूर साधं पाणी जाऊ द्यावं आणि दोन महिने खताचं नाव काढू नये.

कुंडी लहान ठेवा. मुळांचा गठ्ठा जेवढा, त्याहून दोन बोटं मोठी पुरते. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेला भाग कायम ओला राहतो आणि कूज तिथून सुरू होते. हे झुडूप दाटीवाटीत खूश असतं आणि तसंच जास्त फुलतं. दोन-तीन वर्षांनी साल कुजून भुगा झाली की कुंडी बदलावी. जुनं मिश्रण बोटांनी हलकेच झटकावं आणि नव्या मिश्रणात झाड पूर्वी होतं त्याच उंचीवर बसवावं, तसूभरही खोल नको. जमिनीत लावायचं असेल तर खड्डा खणू नये. सालीचा उंचवटा करून त्यावर लावावं. न्यूझीलंडमध्ये काही जण ते वृक्षनेच्याच्या जुन्या खोडावर बसवतात, आणि ते झाडाच्या स्वभावाला धरूनच आहे.

पाण्याला वेळापत्रक नसावं. कुंडी उचलून पाहणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. पाणी घातल्यानंतरचं वजन एकदा हाताला कळलं की पुढे चूक होत नाही. वजन बरंच उतरलं की खालून वाहेपर्यंत पाणी द्यावं आणि खालची थाळी रिकामी करावी. पीट एकदा कोरडं ठक्क झालं की पाणी शोषत नाही. ते कडेने वाहून जातं आणि मधला गठ्ठा कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवावी. आणि एक लक्षण नीट ओळखायला हवं: मिश्रण ओलं आहे आणि तरीही पानं माना टाकतात. इथे नवखा माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं. ओलं असून कोमेजणं म्हणजे मूळकूज. लगेच बाहेर काढून काळी, चिखलासारखी मुळं कापावीत, नव्या कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत बसवावं आणि सावलीत ठेवावं. त्यातून वाचतंच असं नाही. शेंड्याची दोन-तीन छाट कलमं त्याच दिवशी करून ठेवणं शहाणपणाचं.

प्रकाशाबद्दल एक गैरसमज आहे. जंगलातलं झाड म्हणजे गर्द सावली हवी, असं वाटतं. पण फांदीवर बसलेलं हे झुडूप जंगलाच्या छपराजवळ असतं, तिथे उजेड भरपूर. सकाळचं ऊन तीन-चार तास आणि नंतर पन्नास टक्क्यांचं शेडनेट, हे बरोबर. गर्द सावलीत पानं छान हिरवी होतात, पण फुलं येत नाहीत. दुपारच्या उन्हात ठेवलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी मात्र घातक, कारण त्यात मुळं अक्षरशः शिजतात. ती कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवावी.

व्हायरेया वाढतो तो टप्प्याटप्प्याने. शेंड्याला पानांचं एक वलय येतं, मग काही आठवडे शांतता, मग त्या वलयाच्या मधून पुढचा फुटवा. पानाच्या मागच्या बाजूला भिंग लावलं तर तपकिरी, चकतीसारखे असंख्य खवले दिसतात. तो तांबेरा नव्हे, या गटाची ती ओळखच आहे. कित्येक जण घाबरून औषध फवारतात. तांबेऱ्यात पानाच्या वरच्या अंगाला पिवळे डाग दिसतात आणि त्याच जागी खाली नारिंगी पुडीचे ठिपके असतात. खवले सगळीकडे सारखे पसरलेले असतात. भुरीही या झाडावर जरा फसवी येते. पांढरी पूड अनेकदा दिसतच नाही, वरून पिवळट आणि खालून जांभळट-तपकिरी डाग दिसतात. कुंड्या एकमेकींपासून लांब ठेवून वारा खेळता केला की निम्मी भुरी जाते. उरलेल्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, तेही थंड वेळी. पिठ्या ढेकूण आला तर ओल्या फडक्याने पुसून काढा.

सोडून दिलं तर हे झुडूप काटकुळं होतं, एक लांब फांदी आणि टोकाला चार पानं. उपाय म्हणजे शेंडा खुडणे. शेंड्यावरची कळी नीट पाहा: बारीक आणि टोकदार असेल तर ती पानांची, जाडजूड असेल तर फुलांची. पानांची एकुलती कळी बोटांनी मोडली की खालच्या वलयातून तीन-चार फुटवे येतात. पहिल्या दोन वर्षांत हे सातत्याने केलं तर झुडूप भरगच्च होतं. फुलं गळाल्यावर देठही काढून टाकावेत, नाहीतर शक्ती बी भरण्यात जाते.

फुलांना ठरलेला हंगाम नसतो. चांगल्या संकरित जाती वर्षातून दोन-तीनदा फुलतात, आणि थंड हवेत एकेक गुच्छ दोन-तीन आठवडे टिकतो. लाल-नारिंगी नळीदार फुलं पक्ष्यांसाठी. त्यांना वास नसतो. पांढरी, लांब नळीची, संध्याकाळी दरवळणारी फुलं पतंगांसाठी. न्यू गिनीतल्या कोनोरीची मोठी पांढरी फुलं कार्नेशनसारखी दरवळतात. जॅस्मिनिफ्लोरमच्या नावातच जाई आहे.

जॅस्मिनिफ्लोरम आणि जावानिकम या जाती 1840 च्या दशकात इंग्लंडला गेल्या. व्हीच या नर्सरीसाठी टॉमस लॉब यांनी त्या पाठवल्या होत्या. मोजक्या जातींपासून व्हीचने शेकडो संकर तयार केले आणि श्रीमंतांच्या काचघरांत त्यांची हौस पसरली. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला, काचघरं थंड पडली आणि त्यांतले बहुतेक संकर नष्ट झाले. ‘प्रिन्सेस अलेक्झांड्रा’सारखे थोडे आजही विकत मिळतात. पुन्हा रस निर्माण झाला तो 1960 च्या दशकात, वनस्पतिशास्त्रज्ञ स्लोइमर यांनी न्यू गिनीत केलेल्या अभ्यासानंतर. आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आणि न्यूझीलंडमधल्या पुकेइटी बागेत यांचे मोठे संग्रह आहेत.

नवं झाड करायचं तर छाट कलम सोपं. पालवी पक्की झाली पण काडी अजून लाकडी झालेली नाही, अशा अवस्थेतला आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा घ्यावा. वरची तीन-चार पानं ठेवून तीही निम्मी कापावीत. बुंध्याच्या एका बाजूची साल सेंटिमीटरभर खरवडून तिला आयबीए हे मूळसंजीवक लावावं. पीट आणि परलाइट समप्रमाणात घेऊन त्यात खोचावं, वर पारदर्शक पिशवीचा तंबू, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. मुळं यायला सहा आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत काहीही लागतं. ओढून पाहण्याचा मोह आवरावा. कलमाचं झाड एक-दोन वर्षांत फुलतं.

बियांपासून करणं म्हणजे सबुरीची परीक्षा, पण पाहण्यासारखी. शेंगेसारखं लांबट बोंड पिकून उभं चिरतं आणि आतून सोनेरी भुशासारखं बी सांडतं. एकेका बीला दोन्ही टोकांना लांब शेपट्या. वाऱ्यावर तरंगत दुसऱ्या फांदीच्या शेवाळात अडकायला त्या उपयोगी. हे बी फार काळ जिवंत राहत नाही, त्यामुळे ताजंच पेरावं. बारीक चिरलेल्या ओल्या स्फॅग्नम शेवाळावर नुसतं भुरभुरावं, वर काही झाकू नये, कारण रुजायला उजेड लागतो. डबा प्लॅस्टिकने बंद करून ठेवला तर दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. सहा महिन्यांनीही रोप नखाएवढंच असतं. पहिलं फूल तीन ते पाच वर्षांनी.

लहान मुलं आणि पाळीव जनावरं घरात असतील तर सांगायला हवं की ऱ्होडोडेंड्रॉनची पानं-फुलं विषारी असतात. बुरांशाचं सरबत पिऊन आलेल्यांनी त्याच हिशोबाने याच्या पाकळ्या तोंडात घालू नयेत.

मुंबईच्या किंवा कोकणातल्या वाचकाने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या मे महिन्याच्या रात्री या झाडाला झेपत नाहीत. पुण्यात उन्हाळा आड येतो. निलगिरीत मात्र शोलाच्या जंगलांत बुरांशाचा दक्षिणी भाऊबंद नैसर्गिकरीत्या उगवतो, आणि उटी-कोडाईची हवा व्हायरेयालाही मानवण्यासारखी आहे. ऑकलंड, सिडनी किंवा सॅन फ्रान्सिस्कोत घर असलेल्या मराठी मंडळींनी बिनधास्त सुरुवात करावी. पहिलं झाड ‘ट्रॉपिक ग्लो’ किंवा ‘सिम्बू सनसेट’ यांसारखं दणकट संकरित घ्यावं. कोनोरीसारख्या शुद्ध जातींच्या मागे नंतर लागावं.

तिकडून येताना मात्र पिशवीत कलम किंवा बी टाकून आणू नका. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, 2003 नुसार परदेशातून झाड किंवा बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र दोन्ही लागतात. बीसुद्धा त्यातून सुटत नाही.